हत्तीची लीद लाथेने उडवू नका

रात्री हत्ती शेतात येऊन गेला की सकाळी दोन गोष्टी मागे राहतात. एक म्हणजे तुडवलेला ऊस, मोडलेली केळ, उपटलेला माड. दुसरी म्हणजे लिदीचा ढीग. पहिल्या गोष्टीचा पंचनामा होतो. वनरक्षक येतो, तलाठी येतो, आम्ही कृषी खात्याची माणसे येतो, गुंठे मोजतो, झाडे मोजतो, सह्या होतात. दुसऱ्या गोष्टीकडे कोणी ढुंकून बघत नाही. फार तर कोणी ती लाथेने बाजूला सारतो, नाहीतर पाटीत भरून उकिरड्यावर टाकतो. माझे म्हणणे असे की ती लीद हासुद्धा एक कागदच आहे, आणि वाचता आला तर तो पंचनाम्याइतकाच कामाचा आहे.

२००२ साली कर्नाटकातून हत्ती दोडामार्ग तालुक्यात उतरले. पुढे चंदगड-आजऱ्याच्या शिवारांनाही त्यांची सवय झाली. २०२१ साली छत्तीसगडकडून एक कळप गडचिरोलीत आला. म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न वीस वर्षांहून जुना झाला. एवढ्या काळात फटाके झाले, मशाली झाल्या, चर खोदून झाले, कुंपणे झाली, हाकारे झाले. २०१५ साली कुडाळ तालुक्याच्या माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडूनही झाले. पण यातला कोणता उपाय किती चालला, असे चार गावांत विचारा, पाच उत्तरे मिळतील. कारण उपायाचा हिशेब कोणी ठेवलेलाच नाही. हत्ती आपल्या शिवारातून गेला की उपाय चालला, आणि परत आला की सरकार नालायक, एवढेच आपले माप. हे माप बदलायला हवे आणि त्या कामी ही लीद उपयोगी पडेल.

ताण म्हणजे नेमके काय?

भ्यालेली गाय पान्हा चोरते, हे कोणाला शिकवावे लागत नाही. लांबच्या बाजारातून टेम्पोत घालून आणलेली म्हैस चार दिवस वैरणीला नीट तोंड लावत नाही, वेळेवर माजावर येत नाही, हेही आपण बघतो. यालाच ताण म्हणतात. तो मनातला असतो तसा रक्तातही असतो.

संकट दिसले की मेंदूकडून इशारा निघतो आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. त्याने रक्तातली साखर वाढते, पळायला किंवा लढायला बळ मिळते. काही वेळाने ते उतरते. इथवर सगळे ठीकच आहे. हे नसते तर कोणतेच जनावर जगले नसते. पण तेच कॉर्टिसॉल महिनोन्‌महिने चढलेले राहिले की अंग झडते, रोगाशी लढण्याची ताकद घटते, गाभण राहण्याचे प्रमाण कमी होते. माणसाचे, म्हशीचे आणि हत्तीचे शरीर या बाबतीत एकाच रीतीने चालते.

तागडीवर हात ठेवून वजन नको

मग हत्तीचे रक्त काढून तपासावे, असे कोणी म्हणेल. पण रानातल्या हत्तीचे रक्त काढायचे तर आधी त्याचा माग काढा, त्याला गाठा, बंदुकीने भुलीचे इंजेक्शन मारा, तो पडेपर्यंत मागे पळा. कॉर्टिसॉल तर त्रास सुरू झाल्यापासून काही मिनिटांतच चढू लागते. म्हणजे शेवटी जो आकडा हाती येतो तो आपणच दिलेल्या त्रासाचा. तागडीवर हात ठेवून वजन केल्यासारखे झाले. शिवाय भूल देताना जनावर दगावण्याची भीती असते आणि पकडणाऱ्या माणसांच्या जिवालाही धोका असतो.

लिदीत ही अडचण नाही. कॉर्टिसॉलचे काम झाले की यकृत त्याला मोडते. त्याचे तुकडे पित्ताबरोबर आतड्यात उतरतात आणि लिदीतून बाहेर पडतात. हत्तीच्या बाबतीत याला साधारण एक-दोन दिवस लागतात. म्हणजे आज सकाळी पडलेली लीद काल-परवाचा हिशेब सांगते, आणि तोही एका क्षणाचा नाही, एकंदर काळाचा. पहिल्या धारेची फॅट वेगळी आणि बादलीभर दुधाची फॅट वेगळी, हे डेअरीत दूध घालणाऱ्याला माहीत असते. रक्ताचा नमुना ही एक धार झाली. लीद म्हणजे बादली. आणि हत्ती दिवसातून पंधरा-सोळा वेळा लीद टाकतो, तेव्हा नमुन्यांना तोटा नाही. हत्तीला हात लावायला नको, त्याला कळतसुद्धा नाही.

माती परीक्षणासारखेच आहे

माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यायचा, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. बांधाजवळची माती घेऊ नका, झाडाखालची घेऊ नका, खताच्या ढिगाजवळची घेऊ नका. शेतात ठिकठिकाणची माती एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. नमुना चुकला तर प्रयोगशाळा कितीही मोठी असो, अहवाल चुकीचाच येणार. लिदीचेही तेच आहे.

लीद ताजी हवी. लीद पडल्यानंतरही तिच्यातले जंतू ते संप्रेरक मोडत राहतात. उन्हाने, पावसाने आकडा बिघडतो. गोळ्याचा वरचा थर न घेता आतला भाग घ्यायचा, आणि दोन-तीन गोळ्यांतला थोडा थोडा घेऊन मिसळायचा. हातमोजे घालून स्वच्छ पिशवीत भरायचा. वर तारीख, वेळ, गाव, शिवार, जवळचे पीक आणि आदल्या दोन दिवसांत काय घडले ते लिहायचे. मग बर्फात ठेवून लवकरात लवकर डीप फ्रीझरमध्ये घालायचा. पुढे प्रयोगशाळेत तो सुकवतात, दळून चाळतात, अल्कोहोलमध्ये घोळवून संप्रेरकाचे तुकडे बाहेर काढतात आणि रंग बदलणाऱ्या एका चाचणीने मोजतात. ज्या तत्त्वावर गर्भधारणेची पट्टी चालते, तसलेच तत्त्व. उत्तर येते ते एका ग्रॅम लिदीत किती नॅनोग्रॅम, असे. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. एका नमुन्याला किंमत नाही. नर की मादी, वय किती, गाभण आहे का, नर माजावर आहे का, उन्हाळा की पावसाळा, या सगळ्याने आकडा हलतो. चाचणीसुद्धा त्या त्या जातीच्या प्राण्यावर आधी पारखून घ्यावी लागते. गाईचे गणित हत्तीला लावून चालत नाही. आणि आकडा चढला म्हणजे तो फटाक्यानेच चढला असेही नाही. म्हणून तुलना लागते: उपायाच्या आधी किती आणि नंतर किती. आपल्या भागात हत्ती मोजकेच आहेत. कान, सुळे, चाल यांवरून गावकरी ते ओळखतात. शिवाय लिदीला चिकटलेल्या आतड्याच्या पेशींतून डीएनए काढून कोणती लीद कोणाची, हेही ठरवता येते. तेव्हा प्रत्येक हत्तीची तुलना त्याच्या स्वतःशीच करता येईल. हजारो हत्ती असलेल्या राज्याला जे अवघड, ते आपल्याला तुलनेने सोपे आहे.

लिदीने आजवर काय सांगितले

ही नुसती पुस्तकी बात नाही. २००१ साली ११ सप्टेंबरला अमेरिकेवर हल्ला झाला आणि पुढचे काही दिवस कॅनडाच्या फंडी उपसागरातली जहाजांची ये-जा घटली. पाण्यातला आवाज ६ डेसिबलने उतरला. तिथे राइट व्हेल जातीच्या देवमाशांची विष्ठा शास्त्रज्ञ आधीपासूनच गोळा करत होते. त्या शांत दिवसांत विष्ठेतले ताणाचे संप्रेरक उतरलेले दिसले. इतर वर्षी त्याच हंगामात अशी उतरण नव्हती. २०१२ साली हे प्रसिद्ध झाले. जहाजांच्या आवाजाने देवमाशाला त्रास होतो, हा नुसता तर्क होता. विष्ठेने त्याला पुरावा दिला.

आपल्या देशात हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेने कान्हा आणि बांधवगडच्या वाघांच्या विष्ठेवर काम केले. पर्यटनाच्या काळात वाघांतले ताणाचे संप्रेरक जास्त आणि पर्यटन बंद असताना कमी, असे २०१९ साली त्यांनी दाखवून दिले. गाड्या वाढल्या की आकडाही वाढत होता.

आता हत्तीकडे येऊ. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संजीता पोखरेल, रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानातल्या हत्तींच्या लिदीचा अभ्यास केला. २०१७ साली त्यांनी म्हैसूर-निलगिरी भागातले निष्कर्ष मांडले. बरगड्या, पाठीचा कणा वर आलेले रोडावलेले हत्ती कोरड्या हंगामात जास्त, आणि त्यांच्याच लिदीत ताणाचे संप्रेरकही जास्त. म्हणजे उन्हाळ्यात रानात खायला कमी पडते, हे हत्तीचे अंग आणि हत्तीची लीद दोन्ही एकाच तोंडाने सांगतात.

२०१९ साली याच मंडळींचा दुसरा अभ्यास आला, आणि आपल्या दृष्टीने खरी गोम त्यात आहे. कर्नाटकातल्या शेता-मळ्यांच्या मुलखात वावरणारे, पिकांवर येणारे हत्ती जास्त तणावात असतील, असे कोणालाही वाटेल. माणसांची ओरड, कुत्री, फटाके, विजेऱ्यांचे झोत. पण निघाले उलटे. राखीव जंगलातल्या हत्तींपेक्षा पिकांवर येणाऱ्या हत्तींच्या लिदीत ताणाचे संप्रेरक कमी होते. कारण काय असावे, तर खुराक. लिदीतले कर्ब-नत्राचे गुणोत्तर त्यांनी तपासले. कंपोस्ट करणाऱ्याला हे गुणोत्तर नवीन नाही. नत्र जास्त म्हणजे चारा कसदार. पिकांवरच्या हत्तींचा आहार कसदार होता, आणि त्या कसदार आहाराने त्यांचा ताण दाबला जात असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

याचा अर्थ आपण काय घ्यायचा?

काही जण म्हणतील, "बघा, आमच्या जिवाला घोर आणि हा तिकडे मजेत!" राग साहजिक आहे. पण रागाच्या पुढे जाऊन बघा. रात्रभर ओरडून, फटाके लावून आपण समजतो की हत्तीला दहशत बसली. कर्नाटकातल्या लिदीचे म्हणणे असे दिसते की उसाचा घास त्या दहशतीवर मात करतो. तो या बांधावरून त्या बांधावर जातो. आज तुमचा ऊस वाचला, तर शेजारच्या वाडीतली केळ गेली. फटाक्यांचा खर्च ग्रामपंचायतीचा, जागरण तुमचे, आणि नुकसान फक्त पत्ता बदलते.

कमी ताणाचा हत्ती म्हणजे बिनधोक हत्ती, असेही कोणी समजू नये. तो आकडा अनेक हत्तींचा, अनेक दिवसांचा आहे. अंधारात चारी बाजूंनी घेरलेला हत्ती त्या घटकेला काय करील, ते कोणतीही लीद आधी सांगणार नाही.

आणि कर्नाटकातले निघाले तेच आपल्याकडे निघेल, असेही मी म्हणत नाही. तिकडे कळप मोठे, जंगल सलग. आपल्याकडे हत्ती थोडे, रानाचे तुकडे, मध्ये रस्ते, कालवे, रबराच्या आणि काजूच्या बागा. म्हणून तर म्हणतो की आपल्या शिवारातली लीद आपण तपासून घ्यावी. उन्हाळ्यात रानात बांबू, भेरली माड आणि पाणी कमी पडल्यामुळे हत्ती खाली उतरतो की रानात सगळे असूनही उसाच्या चटकेने उतरतो, या दोन रोगांची औषधे वेगळी आहेत. पहिल्यात जंगलातल्या चाऱ्या-पाण्यावर पैसा घालायला हवा. दुसऱ्यात कुंपणावर आणि पीक पद्धतीवर. निदान न करता औषध फवारले तर कीड मरत नाही, खर्च मात्र होतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक?

मोजमाप न करता प्राणी हलवण्याचा अनुभव महाराष्ट्राने एकदा घेतला आहे. जुन्नर परिसरात २००१ पासून मोठ्या संख्येने बिबटे पकडून दूर जंगलात सोडले. १९९३ ते २००१ या काळात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. ही मोहीम सुरू झाल्यावर ते वर्षाला १७ वर गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. उपाय करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण उपायाचा परिणाम मोजायची सोय आधी केली असती, तर तो कितीतरी लवकर ध्यानात आला असता.

आणि आमचा ताण कोण मोजणार?

हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. रात्र रात्र माळ्यावर बसून राखण करणारा शेतकरी, अंधार पडला की पोराला शिकवणीहून आणायला जाणारी आई, भरपाईसाठी तालुक्याला हेलपाटे घालणारा म्हातारा. यांच्याही रक्तात तेच कॉर्टिसॉल असते. माणसाचे ते लाळेतून आणि केसांतूनही मोजता येते. हत्तीची लीद बर्फातून बेंगळुरूला आणि शेतकऱ्याचा अर्ज टेबलाखाली, असे झाले तर लोक संतापतील आणि त्यांचा संताप योग्यच असेल.

पण म्हणून लीद तपासूच नये, हे उत्तर नव्हे. ही तपासणी हत्तीच्या लाडासाठी नाही. सरकार आपल्या नावावर जो खर्च करते तो कामी येतो का, हे विचारण्याचे हत्यार आहे. आज आपण साहेबांपुढे आरडाओरडा करतो आणि साहेब म्हणतात, "उपाययोजना चालू आहेत." उद्या हातात आकडे असतील तर आपण म्हणू शकू, की हाकाऱ्याआधी एवढा आकडा, हाकाऱ्यानंतर तीन आठवडे एवढा, आणि त्याच तीन आठवड्यांत शेजारच्या गावात एवढे पंचनामे. आता सांगा, चालला का उपाय? कुंपण घातल्यावर हत्तीचा ताण थोडे दिवस चढून उतरला आणि पंचनामेही कमी झाले, तर ते कुंपण खरे कामाचे. ताण चढलेलाच राहिला आणि पंचनामे दुसऱ्या गावात वाढले, तर तो पैसा पाण्यात.

काय करायला हवे

पहिली गोष्ट. पीक नुकसानीच्या पंचनाम्यात लिदीचा एक रकाना वाढवावा: ताजी लीद मिळाली का, नमुना घेतला का, किती वाजता घेतला. पंचनाम्याला यायचे तेच लोक, वनरक्षक, ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणा), तलाठी आणि आम्ही. वेगळा फेरा नको.

दुसरी गोष्ट. तालुक्याला एक डीप फ्रीझर आणि वनरक्षकाजवळ पिशव्या, हातमोजे, बर्फाचा डबा. फटाक्यांच्या मानाने हा खर्च काही फार नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या लसींच्या फ्रीजमध्ये मात्र हे नमुने ठेवू नयेत, त्यासाठी वेगळी सोय हवी.

तिसरी गोष्ट. दरवेळी बेंगळुरू-हैदराबादच्या तोंडाकडे बघायला नको. आपले पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपूरला आहे, त्याचे पशुवैद्यकीय महाविद्यालय शिरवळला आहे. कोल्हापूर-सिंधुदुर्गचे नमुने तिथे तपासले जातील अशी तयारी शासनाने करावी. अहवाल आला की तो मराठीत ग्रामसभेत वाचून दाखवावा. कपाटात गेलेल्या अहवालाचा शेतकऱ्याला उपयोग शून्य.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. भरपाईचा आणि लिदीच्या अहवालाचा काडीचा संबंध जोडू नये. "लिदीचा रिपोर्ट आला नाही म्हणून तुमची फाईल थांबली आहे," हे वाक्य कोणत्याही कार्यालयात ऐकू आले, तर ही सगळी कल्पना त्याच दिवशी मेली असे समजा. नुकसान डोळ्यांना दिसते, त्याचे पैसे वेळेत मिळालेच पाहिजेत.

पाचवी गोष्ट आपल्या हातातली. लीद दिसली की वनखात्याला कळवा, पण परवानगीशिवाय नमुना स्वतः घेऊ नका आणि घाई करू नका. लीद गरम आहे म्हणजे हत्ती लांब नाही. हत्ती दिसला तर मोबाईल काढून पाठी लागू नका, त्याची बाहेर जायची वाट अडवू नका, पोरांचा घोळका जमू देऊ नका. तेवढे केले तरी त्याचाही ताण उतरतो आणि आपल्याही जिवाची जोखीम कमी होते. त्यासाठी कोणत्याच प्रयोगशाळेची वाट बघायला नको.

सरपंच मंडळींना एक विनंती. पुढच्या ग्रामसभेत हत्तीचा विषय निघेलच. निषेधाचा ठराव जरूर करा, भरपाईचा ठराव करा, पण त्याखाली एक ओळ आणखी घाला: आमच्या शिवारात आजवर झालेल्या आणि पुढे होणाऱ्या प्रत्येक उपायाचा परिणाम मोजून, तो आम्हाला ग्रामसभेत सांगावा. मोजायचे साधन हत्ती स्वतःच दर रात्री आपल्या बांधावर टाकून जातो आहे.